राजाच्या लेकींचं माहेर

१२ नोव्हेंबर १६६९ रोजी क्युबेकच्या नोत्र-दाम चर्चमध्ये एक लग्न लागलं. नवरदेव झाक मिव्हील, सेंट लॉरेन्स नदीकाठी स्थिरावलेल्या एका सुताराचा मुलगा. नवरी कातरीन द बायों. ती त्याच वर्षी फ्रान्सहून समुद्र ओलांडून आली होती आणि त्या गावात तिचं रक्ताचं कुणी नव्हतं. पाद्र्यानं दोघांची नावं लिहिली, रिवाजाप्रमाणे दोघांच्या आईवडिलांचीही लिहिली, आणि नोंद संपली. त्या हंगामात अशी लग्नं एकामागून एक लागत होती. या एका लग्नात वेगळं होतं ते नवरीचं घराणं. तिचे वडील आल्फोन्स द बायों हे ‘एक्विए’, म्हणजे लहानसे का होईना पण सरदार होते. आई लुईज द मार्ल हिचंही माहेर खानदानी. बाकीच्या बऱ्याच मुलींच्या वडिलांपैकी कुणी विणकर होता, कुणी चांभार, कुणी मजूर.

या एवढ्याशा फरकावरून पुढे तीनशे वर्षांनी वंशावळकारांनी केवढी मजल मारली, आणि कातरीनच्याच जहाजातून आलेल्या कित्येकींचा माग मात्र फ्रान्सच्या किनाऱ्यावरच कसा पुसला गेला, ही गोष्ट रक्ताची कमी आणि कागदाची जास्त आहे.

आधी या मुली तिथे गेल्या कशा ते पाहू. उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीला तेव्हा ‘नवा फ्रान्स’ म्हणत. मूळ रहिवाशांच्या मुलखात, नदीकाठच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या या वसाहतीची फ्रेंच लोकसंख्या १६६३ मध्ये जेमतेम तीन हजार होती. त्याच वर्षी चौदाव्या लुईनं व्यापारी कंपनीच्या हातून ती काढून स्वतःच्या ताब्यात घेतली. दक्षिणेला इंग्रजांच्या वसाहती भराभर वाढत होत्या. राजाचा कारभारी झाँ तालों यानं १६६६ मध्ये माणसं मोजली तेव्हा आकडा निघाला ३,२१५. त्यात पुरुष २,०३४ आणि बायका १,१८१. करारावर आलेले मजूर आणि सैनिक मुदत संपली की परत निघून जायचे, कारण लग्न करायला मुलीच नव्हत्या. घर नाही, बाईमाणूस नाही, तर थंडीत तिथे राहायचं कशासाठी?

तेव्हा राजानं मुली पाठवायचं ठरवलं. १६६३ ते १६७३ या काळात सुमारे ७७० अविवाहित मुली आणि तरुण विधवा सरकारी खर्चानं क्युबेकला गेल्या. त्यांना पुढे ‘राजाच्या लेकी’ हे नाव पडलं. ते वापरणारी पहिली बाई म्हणून मार्गरित बुर्झ्वा हिचं नाव घेतात. माँट्रियालमध्ये शाळा काढणाऱ्या या धर्मभगिनीनं लग्नं जमेपर्यंत अनेकींना आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. नाव राजेशाही असलं तरी हिशेब चोख होता. एका मुलीमागे शंभर लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन): दहा मुलगी शोधण्याचे, तीस कपडालत्त्याचे, साठ जहाजाचे. सोबत एक पेटी. पेटीत टोपी, रेशमी रुमाल, मोजे, हातमोजे, कंगवा, पांढरा दोरा, कात्री, दोन सुऱ्या, शंभर सुया आणि हजार टाचण्या. साध्या घरच्या मुलीला लग्नात पन्नास लिव्रचा आहेर राजाकडून मिळायचा, खानदानी असली तर शंभर. आपल्याकडे मुलीच्या बापाला हुंड्याची चिंता, तर तिथे राजानंच बापाची जागा घेतलेली. अर्थात खजिन्यातला हा आहेर प्रत्यक्षात सगळ्यांच्या हाती पडला नाही. राजेलोकांच्या वचनांचं असं व्हायचंच.

या मुलींचा मोठा गट पॅरिसच्या साल्पेत्रिएरमधून निवडला गेला. हे नावाला इस्पितळ. खरं म्हणजे अनाथ, निराधार, भीक मागणाऱ्या, वेड्या ठरवलेल्या अशा हजारो बायकांना एकत्र कोंडून ठेवणारी ती सरकारी छावणी होती. बहुतेक मुलींचे वडील त्या निघण्याआधीच वारले होते. तालोंला या शहरी मुली फारशा पसंत नव्हत्या. शेतात राबणाऱ्या, दणकट, खेड्यातल्या मुली पाठवा, असं त्यानं १६७० मध्ये कळवलं. शिवाय प्रत्येकीनं आपल्या गावच्या पाद्र्याचा किंवा न्यायाधीशाचा दाखला आणावा, ती लग्नाला मोकळी आहे असं त्यात लिहिलेलं असावं, हीही मागणी केली. आधीचा नवरा फ्रान्समध्ये जिवंत असायचा आणि इकडे दुसरं लग्न लागायचं, या धास्तीतून ती आली होती.

किनाऱ्यावर उतरल्यावर काय व्हायचं, याबद्दल बराच चटकदार मजकूर छापला गेला आहे. त्याचा उगम बारोन द लाओंताँ या सैनिकी अधिकाऱ्याच्या १७०३ सालच्या प्रवासवर्णनात आहे. मुली तीन दालनांत मांडून ठेवल्या होत्या, पुरुष बाजारात जनावर पारखावं तसे पारखत होते आणि जाड्या मुली आधी खपल्या, असं त्याचं म्हणणं. मुली चारित्र्यानं यथातथाच होत्या, हेही त्यानं सांगून टाकलं. हे महाशय वसाहतीत पोचले १६८३ साली, शेवटचं जहाज येऊन गेल्यावर दहा वर्षांनी. तरीही दोनशे वर्षं लोक त्याचाच हवाला देत राहिले. मग उलट टोक गाठलं गेलं. क्युबेकच्या अभिमानी इतिहासकारांनी या सगळ्याजणींना सोज्वळ, देवभीरू शेतकरीकन्या करून टाकलं. आपल्या आद्य माता कशा असाव्यात याचं चित्र त्यांच्या डोक्यात तयार होतं, मुली फक्त त्यात बसवायच्या होत्या. लोकसंख्येचा इतिहास अभ्यासणारे इव्ह लांद्री यांनी १९९२ मध्ये एकेकीचे कागद जुळवून ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे या दोन्ही दंतकथा खाली बसल्या.

कागद वेगळीच हकिगत सांगतात. मारी द लँकार्नासिओं ही क्युबेकच्या मठाची प्रमुख तेव्हा फ्रान्सला पत्रं लिहीत असे. तिच्या पत्रांतून दिसतं की मुली आधी समोरच्या पुरुषाला घर आणि जमीन आहे का ते विचारायच्या, आणि त्यात शहाणपण आहे असं तिचंही मत होतं. पारख दोन्ही बाजूंनी चालली होती. नोटरीकडे लग्नाचा करार व्हायचा, आणि काही दिवसांत मुलगी येऊन तो रद्दही करायची. एकीनं एका हंगामात दोन-दोन करार मोडून तिसऱ्याशी लग्न केल्याचे दाखले आहेत. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तिला नकार देता येत होता.

वंशावळकाराला या करारांचं अप्रूप वेगळ्या कारणानं आहे. चर्चची नोंद त्रोटक असते. करारात आईवडील, गाव, वस्तूंची किंमत, साक्षीदार, कोण सही करतो आणि कोण फुली मारतो, हे सगळं येतं. कातरीनच्या करारात तिनं आणलेल्या वस्तूंची किंमत एक हजार लिव्र लिहिली आहे. इतर मुलींच्या करारांत हा आकडा साधारण दोन-तीनशेच्या घरात असतो. सुताराच्या मुलाला सरदाराची लेक मिळाली ती अशी. पण सरदाराच्या लेकीला सुताराचा मुलगा का पत्करावा लागला, हे ध्यानात येण्यासाठी त्या काळच्या फ्रान्समधल्या छोट्या सरदारांकडे पाहावं लागतं. मान मोठा, जमीन तुटपुंजी. मुलीला तोलामोलाच्या घरात द्यायचं तर हुंडा हवा, मठात द्यायचं तरी मठाला रक्कम हवी. अशा घरातल्या मुलीला राजाचं जहाज ही तिसरी वाट होती.

सासरही काही मिळमिळीत नव्हतं. सासरे पिएर मिव्हील मूळचे स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गचे, म्हणून त्यांना सगळे ‘स्विस’ म्हणत. ते १६४९ मध्ये कुटुंबकबिला घेऊन आले. १६६४ मध्ये, नव्यानं आलेले करारी मजूर सरकार कुणाकुणाला वाटणार यावरून त्यांनी बंडाळी माजवली आणि मजूर जबरदस्तीनं उचलून न्यायचा बेत केला. शिक्षा म्हणून त्यांना क्युबेकमधून हद्दपार करून नदीपलीकडे धाडण्यात आलं. वर्षभरात त्याच गृहस्थाला, त्याच्या मुलांना आणि आणखी काही स्विस मंडळींना सरकारनं नदीच्या खालच्या अंगाला जमीनही दिली. माणसांचाच तुटवडा असला की सरकारची माफी स्वस्त होते. पुढे झाक आणि कातरीन त्याच बाजूला, रिव्हिएर-वेलच्या परिसरात संसार करत राहिले. १६८८ च्या जानेवारीत दोघंही काही दिवसांच्या अंतरानं वारले. लग्नाला तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. मुलं मागे राहिली, आणि त्यांची मुलं, आणि त्यांचीही.

क्युबेकच्या बाजूनं माग काढणं जगातल्या कुठल्याही वंशावळकाराला हेवा वाटावा इतकं सोपं आहे. याला कारणं दोन. एक म्हणजे तिथल्या फ्रेंच कॅथलिक कागदपत्रांत बाई जन्मभर माहेरच्या नावानं राहते. लग्न होवो, वैधव्य येवो, दुसरं लग्न होवो, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आणि स्वतःच्या दफनाच्या नोंदीत ती कातरीन द बायोंच असते. महाराष्ट्रात पणजीचं माहेरचं आडनाव विचारलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आठवून पाहावं लागतं, आणि कित्येकदा तिचं माहेरचं पहिलं नावही लग्नात बदललेलं असतं. क्युबेकमध्ये १९८१ पासून कायदाच आहे की लग्नानंतरही बाईनं कायदेशीर व्यवहारात जन्माचंच नाव वापरावं.

दुसरं कारण म्हणजे नोंदवह्या टिकल्या. १६४० मध्ये क्युबेकचं चर्च जळालं तेव्हा वह्याही जळाल्या, पण वस्ती इतकी लहान होती की माणसांच्या आठवणींवरून त्या पुन्हा लिहून काढता आल्या. त्यानंतरचा साठा जवळजवळ अखंड आहे. सिप्रियँ तांगे या पाद्र्यानं गावोगाव हिंडून या नोंदी उतरवल्या आणि कॅनडातल्या फ्रेंच कुटुंबांचा सात खंडांचा वंशकोश छापला. पहिला खंड १८७१ मध्ये निघाला, शेवटचा १८९० मध्ये. विसाव्या शतकात द्रुएँ कुटुंबाच्या संस्थेनं मूळ वह्यांची मायक्रोफिल्म केली. १९६६ मध्ये माँट्रियाल विद्यापीठात युबेर शार्बोनो आणि झाक लेगारे यांनी सगळ्या लोकसंख्येचीच कुटुंबवार पुनर्रचना हाती घेतली. एकेक बाप्तिस्मा, लग्न, दफन संगणकात भरून एकमेकांशी जोडायचं, असा तो प्रकल्प.

अडथळा येतो तो ‘दी’ नावांचा. ‘दी’ म्हणजे ‘ऊर्फ’. सैन्यात पडलेलं टोपणनाव, गावावरून आलेलं नाव, जमिनीच्या तुकड्यावरून आलेलं नाव आडनावाला चिकटायचं आणि पुढच्या पिढीत कुणी मूळ नाव धरायचं, कुणी ऊर्फ. झाकच्या नावालाच ‘देशेन’ हे ऊर्फ होतं. त्यामुळे आज त्याचे काही वंशज मिव्हील आहेत, बरेचसे देशेन. एकाच कुळातला एक भाऊ वतनावरून कुलकर्णी आणि दुसरा गावावरून पुणेकर व्हावा, तसाच हा प्रकार. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन कापडगिरण्यांतल्या कामासाठी अमेरिकेत गेले. तिथे इंग्रजी कारकुनांनी कानाला लागेल तशी त्यांची नावं लिहिली आणि गुंता आणखी वाढला.

इतकं असूनही अमेरिकेतल्या गिरणीकामगाराची पणती थोड्या चिकाटीनं मागे मागे जात १६६९ च्या लग्नापर्यंत पोचू शकते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: मुलीचं फ्रान्समधलं माहेर कोणतं?

फ्रान्समध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायचा हुकूम १५३९ चा आहे, लग्न आणि दफनाचा १५७९ चा. १६६७ मध्ये चौदाव्या लुईनं आणखी एक शहाणा नियम केला. प्रत्येक वहीच्या दोन प्रती करायच्या, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयात. एक नष्ट झाली तर दुसरी उरेल. पॅरिसमध्ये या दोन्ही संचांची पुढे दोन वेगवेगळ्या सरकारी इमारतींत सोय झाली. एक नगरभवनाच्या ताब्यात, दुसरा न्यायमंदिरात. मे १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनचा, म्हणजे शहरातल्या बंडखोर सरकारचा, बीमोड होत असताना शहरात ठिकठिकाणी आगी लागल्या, आणि त्यात नेमकी ही दोन्ही ठिकाणं जळाली. १८६० च्या आधीच्या पॅरिसच्या नोंदींचा बहुतांश भाग राख झाला. ज्या वर्षी तांगेच्या कोशाचा पहिला खंड हाती आला, त्याच वर्षी साल्पेत्रिएरमधून गेलेल्या मुलींच्या जन्माचा पुरावा नाहीसा झाला. पॅरिसच्या अमुक चर्चच्या हद्दीतली, अमक्याची लेक, एवढ्यावर त्यांची वंशावळ संपते. क्युबेकच्या पाद्र्यानं लिहिलेलं ते एक वाक्य हाच त्यांच्या बालपणाचा सगळा दस्तऐवज.

कातरीनचं तसं झालं नाही, आणि त्याचं श्रेय ज्यांना जातं त्यात राजाचा मंत्री कोलबेर आहे. एका हातानं तो वसाहतीत मुली पाठवत होता, तर दुसऱ्या हातानं १६६६ पासून सरदारांची तपासणी करत होता. सरदाराला ‘ताय’ नावाचा कर माफ असे, म्हणून खोटे सरदार वाढले होते. तेव्हा प्रत्येक घराण्यानं आपलं खानदानीपण कागदांनी सिद्ध करावं असा फतवा निघाला. बापाचा लग्नाचा करार दाखवा, आजोबाचं वाटणीपत्र दाखवा, पणजोबाला जहागीर कशी मिळाली ते दाखवा. ज्यांना जमलं नाही त्यांना दंड. करवसुलीसाठी गोळा झालेला हा कागदांचा डोंगर पुढे राजाच्या ग्रंथालयात आणि मग फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात विसावला.

त्या डोंगरात बायों आणि मार्ल घराण्यांचा शोध घेणारे लोक सरकारी इतिहासकार नव्हते. आर्कांझ गोदबू या पाद्र्यानं १९४३ मध्ये माँट्रियालला फ्रेंच कॅनेडियन वंशावळ संस्था स्थापन केली, तिच्या वर्तुळातले हे अभ्यासक. १७३० पर्यंतच्या क्युबेकच्या कुटुंबांचा कोश लिहिणारे रने जेते त्यांत अग्रणी. त्यांच्यासोबत अमेरिकेतले जॉन ड्यूलाँग, शिवाय रोलाँ-इव्ह गान्ये आणि गेल मोरो. कातरीनच्या आईच्या माहेराचा, मग आजीच्या माहेराचा, असा धागा पकडत त्यांनी एकेक दुवा मूळ कागदावर तपासला. जुन्या छापील वंशावळींवर विसंबायचं नाही, हा त्यांचा कटाक्ष. सरदारांच्या भाटांनी त्यांत किती भर घातलेली असते ते त्यांना ठाऊक होतं. १९९७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: कातरीन द बायों ही बाराशे वर्षांपूर्वीच्या सम्राट शार्लमेनची वंशज. २००१ मध्ये तिच्या बारा पिढ्यांचा सविस्तर ग्रंथ आला.

बातमी पसरली तसे क्युबेक आणि न्यू इंग्लंडमधले कित्येक लोक आपली वंशावळ काढून कातरीन सापडते का ते पाहू लागले. वंशज हजारोंनी असल्यामुळे ती अनेकांना सापडलीही. सुताराच्या, गिरणीकामगाराच्या, लाकूडतोड्याच्या घरात सम्राट निघाला की मजा वाटणारच. पण आकडेशास्त्राचं म्हणणं थोडं विरस करणारं आहे. दर पिढीला पूर्वजांची संख्या दुप्पट होते. हजार-बाराशे वर्षं मागे गेलं तर तेव्हाच्या युरोपात ज्यांचा वंश टिकला अशी जवळपास सगळी माणसं आजच्या जवळपास सगळ्या युरोपीय वंशाच्या लोकांची पूर्वज ठरतात, असं गणिती नमुने दाखवतात. म्हणजे साल्पेत्रिएरमधली अनाथ पोरही बहुधा शार्लमेनचीच लेक. तिच्या बापाकडे करमाफीचा दावा सिद्ध करायला कागद नव्हते, एवढाच फरक.

आईच्या बाजूचा हा माग काढायची सवय डॉक्टरांना मात्र फार उपयोगी पडली. क्युबेकमध्ये एक आनुवंशिक आजार आढळतो. त्यात ऐन तारुण्यात डोळ्यांची मुख्य नस निकामी होते आणि दृष्टी जाते. त्याचं मूळ पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत असतं आणि तो फक्त आईकडून मुलांकडे जातो. आंधळे होतात ते बहुतांशी पुरुष, वारसा मात्र बायकांमार्फत चालतो. संशोधकांनी रुग्णांच्या आईची आई, तिची आई, अशा रांगा चर्चच्या नोंदींतून मागे नेल्या. त्यातल्या एका प्रमुख उत्परिवर्तनाच्या रांगा एकाच बाईपाशी येऊन मिळाल्या. तीही राजाची लेक होती, आणि तिचं लग्नही क्युबेकमध्ये १६६९ सालीच झालं होतं. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. २०१७ मध्ये एमान्युएल मिलो आणि सहकाऱ्यांनी माँट्रियाल विद्यापीठाच्या त्याच नोंदसंचावरून तिच्या वंशजांचं आयुर्मान तपासलं. हा वारसा असलेले मुलगे तान्हेपणी इतर मुलग्यांपेक्षा जास्त प्रमाणात दगावत होते, मुलींना ती झळ लागत नव्हती. मुलगे गेल्यानं आईकडून लेकीकडे जाणारी वाट अडत नाही, म्हणून साडेतीनशे वर्षांत निसर्गाच्या चाळणीतून तो दोष गाळला गेला नाही.